अवयव गेल्यावर मैदानात: मुंबईत खेळ कसा सुरू करावा

ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने तारखांत जातात. टाके, ड्रेसिंग, फिजिओ, सॉकेटचं (कृत्रिम पायाचा जो पेला उरलेल्या पायावर बसतो त्याचं) माप, दिव्यांगत्वाच्या दाखल्याची रांग. रोज कुणीतरी काहीतरी करायला सांगत असतं. मग कृत्रिम पाय मिळतो, तारखा संपतात आणि सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न समोर उभा राहतो. घरचे म्हणतात, आराम कर. आराम तर भरपूर झालेला असतो.

खेळ इथे कामाला येतो तो अगदी साध्या कारणांनी. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, तुम्ही दिसला नाहीत तर फोन करणारी माणसं आणि मागच्या आठवड्याशी ताडून बघता येईल असा एखादा आकडा. एवढं जमलं की उद्याचं काम आजच ठरलेलं असतं. ध्येय, पदक, स्पर्धा हे सगळं त्यानंतर. म्हणून खेळ निवडताना पहिला प्रश्न हा, की आठवड्यातून तीनदा तिथे पोहोचता येईल का. दुसरा, स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाला, झेपेल का. आवडीचा नंबर तिसरा. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात: मोबाइलवर ब्लेड (धावण्यासाठीचा वक्र कार्बनचा कृत्रिम पाय) लावून धावणाऱ्यांचे व्हिडिओ बघतात, उत्साहात सुरुवात करतात आणि फोड आला की पाय काढून घरी बसतात. फोड आला म्हणजे नुसता सराव बुडत नाही, पाय घालताच येत नसल्याने कामावर जाणंही थांबतं.

इथे भर पाय गेलेल्यांवर आहे. हात गेलेल्यांसाठी जे वेगळं, ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

मैदानाआधी स्टंप

बीके म्हणजे गुडघ्याखाली कापलेला पाय, एके म्हणजे गुडघ्याच्या वर. लिंब सेंटरमध्ये, म्हणजे कृत्रिम अवयव बनवून देणाऱ्या केंद्रात, हेच शब्द कानावर पडतील. दोन्हींत खेळाच्या आड सगळ्यात जास्त काय येत असेल तर आखडलेला सांधा. बीकेचा गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो, एकेचा खुबा. कारणं दोन: दिवसभर बसून राहणं आणि स्टंपखाली उशी घेणं. उशीने बरं वाटतं, म्हणून घरातलं माणूस मायेने ती देतं. पण ती काढायलाच हवी. खुबा किंवा गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर कितीही महागडा पाय बसवला तरी पाऊल आखूड पडतं आणि कंबर दुखायला लागते.

दिवसातून दोन-तीन वेळा 20 ते 30 मिनिटं पालथं झोपा, मान चांगल्या पायाच्या बाजूला वळवून. बीके असाल तर खुर्चीत बसताना मांडीखालून पुढे येणारी फळी घ्या आणि गुडघा तिच्यावर सरळ ठेवा. पालथं असतानाच स्टंप मागे उचलण्याचे 10-10 चे तीन संच करा. मग कुशीवर वळून स्टंप वर उचला, तेही तेवढेच. टॉवेलची गुंडाळी मांड्यांमध्ये धरून पाच सेकंद दाबणं आणि स्टंप गुंडाळीवर टेकवून कंबर उचलणं हे आणखी दोन. कुशीवरचा व्यायाम सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच सर्वांत आधी सुटतो. पण खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमकुवत राहिले तर चालताना अंग एका बाजूला झुकतं आणि ती सवय नंतर मोडणं फार कठीण जातं.

स्टंपला आकार द्यायला क्रेप बँडेज लागतं: बीकेला चार इंची, एकेला सहा इंची. बांधायचं ते आठच्या आकड्यासारखं तिरकं, टोकाला ताण जास्त आणि वर जाताना कमी. गोल गोल वेढे दिले तर मधे आवळ पडतो, टोक सुजतं आणि स्टंपला दुधीसारखा आकार येतो. तो सॉकेटमध्ये नीट बसत नाही. दर तीन-चार तासांनी सोडून पुन्हा बांधा. बँडेजऐवजी चढवायचा शिवलेला घट्ट मोजा, म्हणजे श्रिंकर, मिळाला तर काम सोपं होतं. स्टंप साधारण वर्षभर, कधी दीड वर्षही, आटत राहतो. पहिलं सॉकेट काही महिन्यांत सैल होणार हे धरूनच चाला. ते बिघाडाचं लक्षण नाही.

नसलेला पाय दुखणं किंवा खाजणं, म्हणजे फँटम पेन, हे मनाचे खेळ नाहीत. स्टंपवर टॉवेल घासणं, हलकं थोपटणं आणि आरशासमोर चांगला पाय हलवत त्याच्या प्रतिबिंबाकडे 15 मिनिटं बघत राहणं, याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. तरीही झोप उडत असेल तर डॉक्टरांकडून गोळ्या घ्या. सोसत बसण्यात शौर्य नाही.

मधुमेहामुळे पाय गेला असेल तर आणखी दोन कामं आहेत. मैदानावर उतरण्याआधी हृदयाची तपासणी, आणि उरलेल्या पायाचा तळवा रोज रात्री आरशात बघणं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि व्यायामाआधी साखर 100 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. सरावाला अनवाणी कधीच नाही, देवळासारखी फरशी असली तरीही.

पडायला शिकणं

हे फिजिओकडून शिकून घ्यायचा धडा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. पडण्याची भीती असलेला माणूस जपून, आखडून चालतो आणि म्हणूनच पडतो. जाड गादी किंवा कुस्तीची मॅट घ्या, शेजारी एक माणूस उभा करा. कुबड्या असतील तर पडताना आधी त्या बाजूला फेका, नाहीतर बरगडीत लागतात. हात ताठ ठेवू नका, मनगट मोडतं. कोपर वाकवून तळहात टेकवा आणि चांगल्या बाजूच्या खांद्यावर लोळण घ्या. स्टंप जमिनीवर आदळू द्यायचा नाही, हा एकच हट्ट धरा. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उभ्याने.

उठायचं असं: पालथं व्हा, हातांवर आणि चांगल्या पायावर वजन घ्या, हात हळूहळू पायाकडे आणत कंबर वर न्या, मग हाताने आधार पकडा. खुर्ची जवळ असेल तर तिच्याकडे सरकत जाऊन बसणं सगळ्यात सोपं. हे एकट्याने पाच वेळा सलग जमलं की घरच्यांना दाखवा. 'पडलास तर?' या प्रश्नाला तेवढं एकच उत्तर चालतं.

आणि एक: पडून जखमी होणं बऱ्याचदा मैदानात होतच नाही. रात्री झोपेतून उठून लघवीला जाताना पाय नाही हे विसरून माणूस पाऊल टाकतो. कुबडी पलंगाला बांधून ठेवा आणि एक छोटा दिवा चालू ठेवा.

सॉकेट कुठे चुकतंय ते ओळखणं

हे एक प्रकरण नीट कळलं तर खेळातल्या निम्म्या अडचणी सुटतात. रोज पाय काढल्यावर स्टंपकडे बघा, मागची बाजू आरशात. लाली 10 ते 20 मिनिटांत विरली तर ठीक. तेवढ्यात विरली नाही, किंवा हाडाच्या टोकावर आली, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा.

बीकेमध्ये वजन मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्यावर आणि आजूबाजूच्या मांसल भागावर पडायला हवं. नडगीची धार, तिचं खालचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाडाचं डोकं यांना दाब सहन होत नाही. स्टंप आटला की तो सॉकेटमध्ये खोल जातो. मग वाटीच्या खालच्या कडेला टोचतं, टोक तळाला लागतं आणि चालताना पाय वर-खाली सरकतो. उपाय म्हणजे स्टंपवर घालायच्या मोज्याचा एक थर वाढवणं. हे मोजे 1, 3 आणि 5 प्लायचे मिळतात; प्लाय म्हणजे जाडी. एकेक वाढवत बघा. उलट, मोजे जास्त झाले तर स्टंप पुरेसा खाली उतरत नाही, पाय लांब झाल्यासारखा वाटतो आणि टोक हवेत लटकतं. लटकलेलं टोक सुजतं आणि काही आठवड्यांत तिथली कातडी काळपट, जाड, चामखिळीसारखी होते. ती दिसली तर मलमाने भागणार नाही; सॉकेटच दुरुस्त करावं लागतं. मोज्यांची बेरीज 10 प्लायच्या वर गेली तर प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाला, भेटा.

सकाळी स्टंप भरलेला असतो, दुपारपर्यंत उतरतो. त्यामुळे सकाळी सातला बसलेलं सॉकेट संध्याकाळी सहाच्या सरावाला सैल असणार. सरावाच्या पिशवीत जादा मोजे हवेतच.

मुंबईचा घाम हा वेगळा विषय आहे. सिलिकॉन लायनरच्या, म्हणजे सॉकेटआधी स्टंपवर चढवायच्या आवरणाच्या, आत घाम साठला की लायनर घसरतो आणि कातडी घासली जाते. सुरुवातीला दर 20-25 मिनिटांनी बसा, पाय आणि लायनर काढा, दोन्ही कोरडे पुसा, पुन्हा घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जुने खेळाडूही हेच करतात. घाम थांबवणारा रोल-ऑन लावायचा असेल तर रात्री, धड कातडीवर. स्टंपवरचे केस वस्तऱ्याने काढू नका, केस आत वळतात आणि पुटकुळ्या येतात. लायनर रोज साध्या साबणाने धुवायचा, साबणाचा अंश उरू द्यायचा नाही, आणि सावलीत वाळवायचा. पत्र्यावर उन्हात टाकला किंवा हेअर ड्रायर मारला की त्याचं आयुष्य संपलं. जमलं तर लायनर दोन ठेवा.

सगळ्यात उपयोगी नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं सॉकेट, नवा पंजा किंवा नवा लायनर आला की पुढचे दोन आठवडे सराव निम्मा. सॉकेटही नवं आणि अंतरही वाढवलेलं, अशा वेळी दुखलं तर कशाने दुखलं ते कुणालाच सांगता येत नाही.

कोणता खेळ

जुना खेळ परत मिळेलच असं नाही, आणि त्याचा शोक करण्यात वर्ष घालवू नये. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांत त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवलं. सुमित अंतिल कुस्तीतला. पाय गेल्यावर भालाफेकीत आला आणि टोकियो व पॅरिस दोन्हीकडे सुवर्ण घेऊन परतला. उलट उदाहरण आपल्या मुंबईचं: मानसी जोशी आधीपासून बॅडमिंटन खेळायची, 2011 च्या अपघातात पाय गेल्यावर बॅडमिंटनकडेच परतली आणि 2019 मध्ये बासेलला विश्वविजेती झाली. दोन्ही वाटा खुल्या आहेत. स्टंप काय म्हणतो त्यावर ठरवा.

आमचा कौल पहिल्या खेळासाठी पोहण्याला, आणि तो कारणाने. सॉकेट नाही, घाम नाही, आदळआपट नाही, दम मात्र भरपूर लागतो. दम महत्त्वाचा, कारण कृत्रिम पायाने चालायला मुळातच जास्त शक्ती जाते: बीकेला सुमारे चतुर्थांश, एकेला निम्म्याहून अधिक. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल असे पालिकेचे तलाव शहरभर आहेत. प्रवेशाला वैद्यकीय दाखला मागतात. त्यावर 'जखम पूर्ण भरली आहे, पोहण्यास हरकत नाही' असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दारावर वाद होतो. गर्दीची बॅच टाळा, सकाळची उशिराची घ्या.

खरा धोका पाण्यात नसून काठावर आहे. ओल्या फरशीवर एका पायाने उड्या मारत जायचं नाही. कुबडीखालचं रबर नवं आणि खाचा शाबूत असलेलं हवं. ते गुळगुळीत झालं की साध्या औषधाच्या दुकानात बदलून मिळतं. शेवटचे दोन मीटर बसून सरका. पाण्यात पहिले चार दिवस फक्त तरंगणं शिका, छातीइतक्या पाण्यात. एक पाय नसला की अंग जड बाजूला, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूला, कलंडतं. त्यावर जोरात लाथ मारून उपयोग नाही. पोट घट्ट ठेवून आणि हलक्या बाजूचा हात थोडा जास्त वेळ पुढे ताणून तोल सावरतो. बीकेवाल्यांना मांड्यांमध्ये धरायचा फोम चालतो, एकेवाल्यांचा तो निसटतो, तो पट्ट्याने बांधावा लागतो. तासाभराने बाहेर आलात की स्टंप थोडा सुजलेला असतो आणि पाय चढत नाही. घाबरू नका, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, 15-20 मिनिटं श्रिंकर किंवा बँडेज चढवा, मग पाय घाला. ओल्या कातडीवर लायनर चढवणं म्हणजे उद्याच्या फोडाची तयारी. स्पर्धेत पोहताना कृत्रिम अवयव चालत नाही, त्यामुळे तसा पाय नाही म्हणून काही अडत नाही. दोन्ही हात नसले तरी वाट बंद नाही. करमाळा तालुक्यातल्या सुयश जाधवने विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले आणि 2018 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं.

सिटिंग व्हॉलीबॉल हा माणसं मिळवून देणारा खेळ. कोर्ट 10 बाय 6 मीटर, जाळी पुरुषांना 1.15 मीटर, स्त्रियांना 1.05. चेंडू नेहमीचाच. सोसायटीचा किंवा शाळेचा हॉल चालतो, फक्त फरशी गुळगुळीत हवी. चेंडू खेळताना बूड जमिनीवरून उचललं की फाउल, आणि नवशिक्यांचे निम्मे गुण तिथेच जातात. पहिले दोन आठवडे चेंडू बाजूला ठेवा. हातांनी ढकलत पुढे, मागे, तिरकं सरकणं एवढंच करा, 30 सेकंद सरकणं आणि 30 सेकंद थांबणं, दहा वेळा. जाड ट्रॅक पँट घाला, बुडाला फोड येतात. कृत्रिम पाय काढून खेळायचं असल्याने सॉकेट बिघडलेलं असलं तरी सराव चालू राहतो, ही या खेळाची मोठी सोय.

बॅडमिंटन उभ्याने खेळायचं तर पाय चांगला बसलेला हवा, कारण झटकन वळताना सॉकेटमध्ये स्टंप पिळला जातो. एसएल 3 वर्गाचा (पायाचं दिव्यांगत्व जास्त, पण उभ्याने खेळणाऱ्यांचा) एकेरी सामना अर्ध्या कोर्टवर होतो, म्हणून सरावही अर्ध्या कोर्टवरच करा. टेबल टेनिसला जागा कमी लागते. एक हात नसलेल्यांना सर्व्हिसच्या चेंडू उडवण्याच्या नियमात पंच सूट देऊ शकतात. सामन्याआधी पंचांना सांगून ठेवा. हात गेलेल्यांनी कोणताही खेळ घेतला तरी पाठीच्या आणि कमरेच्या व्यायामाला आठवड्यातले दोन दिवस द्यावेत. एका बाजूचं वजन गेलं की कणा हळूहळू कलतो आणि दुखणं बऱ्याच काळाने समजतं.

गोळाफेक बसून करता येते. खुर्चीवजा फ्रेमची उंची गादीसकट 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, ती जमिनीला पट्ट्यांनी आवळलेली असते. वेल्डिंगवाल्याकडून सरावाची फ्रेम करून घेता येते, पण माप आधी प्रशिक्षकाला दाखवा. दोन सेंटिमीटर जास्त झाली तर स्पर्धेत ती निरुपयोगी. भूसुरुंगात पाय गमावलेल्या होकाटो सेमांनी 2016 मध्ये तिशी ओलांडल्यावर गोळा हातात घेतला आणि 2024 ला पॅरिसमध्ये 14.65 मीटरवर कांस्य घेतलं. उशीर झाला, असं वाटणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

क्रिकेटचं वेगळं सांगायला नको. दिव्यांग क्रिकेटला अजित वाडेकरांचं पाठबळ होतं, आणि 2019 मध्ये विक्रांत केणीच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडमधली टी-20 जागतिक मालिका जिंकली. फक्त हे लक्षात ठेवा की हे क्रिकेट पॅरालिम्पिकमध्ये नाही.

धावायचंच असेल तर

धावणं शेवटी. आधी या तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: 30 मिनिटं भरभर चालल्यावर लाली 20 मिनिटांत जाणं, कृत्रिम पायावर एका बोटाच्या आधाराने 10 सेकंद उभं राहणं, आणि जिना एकेक पायरी पावलाआड पाऊल टाकत उतरणं. तिसरी एकेवाल्यांच्या गुडघ्यावर अवलंबून असते. मोफत मिळणाऱ्या एके पायात पुष्कळदा कुलूपबंद, म्हणजे चालताना न वाकणारा, गुडघा असतो. त्यावर धावता येत नाही, प्रयत्नही करू नका.

जयपूर फूट 1968 च्या सुमारास तयार झाला तो अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखलपाणी यांसाठी, आणि त्या कामात तो उत्तम आहे. रोजच्या धावण्याच्या दणक्यांसाठी तो बनलेला नाही. ऊर्जा परत देत नाही आणि लवकर झिजतो. कार्बन ब्लेडचा खर्च लाखांत जातो. ते वजनानुसार निवडावं लागतं, म्हणून दुसऱ्याचं ब्लेड उसनं घेऊन चालत नाही. ब्लेडला टाच नसते, त्यावर स्वस्थ उभं राहता येत नाही. लोकलमध्ये तर नाहीच. पिशवीतून न्यायचं, मैदानावर चढवायचं. धावताना ते दबतं म्हणून थोडं लांब बसवतात, त्यामुळे उभं राहिल्यावर कंबर वाकडी वाटते. ते बरोबर आहे. पहिल्या सहा महिन्यांत ब्लेड विकत घेऊ नका. स्टंप आटेल आणि सॉकेट पुन्हा करावं लागेल.

सुरुवात चार मिनिटं चालणं, एक मिनिट हलकं पळणं, असं पाच वेळा, एक दिवसाआड. मरीन ड्राइव्हचं काँक्रीट टाळा. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कमध्ये सिंथेटिक ट्रॅक आहे, शिवाजी पार्कची माती पण चालेल, मात्र खड्डे आधी चालून बघा. दर आठवड्याला पळण्याची एकूण मिनिटं दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी छोटी शर्यत असते; पहिली तारीख म्हणून ती छान आहे. त्या दिवशी टाळ्या भरपूर मिळतात, दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. म्हणून शर्यतीआधीच फेब्रुवारीतल्या सरावाचे वार ठरवून ठेवा.

पोहोचणं आणि पावसाळा

सरावाची वेळ लोकलच्या गर्दीवरून ठरते. दिव्यांगांच्या डब्यातही ऑफिसच्या वेळेला जागा नसते. सकाळी आठच्या आत किंवा साडेदहानंतर निघा. लिफ्ट असलेलं स्टेशन निवडा, त्यासाठी एक स्टेशन पुढे उतरून रिक्षा करावी लागली तरी चालेल. दोन जिने चढून मैदानावर पोहोचलात तर स्टंपचा त्या दिवसाचा वाटा तिथेच खर्च झालेला असतो. ही बेरीज प्रशिक्षकाला सांगा, त्याच्या ते डोक्यात नसतं.

जून ते सप्टेंबर बाहेरचा सराव बंद आणि हॉलमधला चालू, असं आधीच ठरवा. भिजलेला पंजा घरी येऊन काढा, आतलं पाणी पुसा, स्क्रू गंजलेत का बघा. फोमचं अस्तर ओलं राहिलं तर बुरशी धरतं आणि मांडीला खाज सुटते.

पहिले तीन महिने

एक वही घ्या. तारीख, सरावाची मिनिटं, मोजे किती प्लाय, लाली कुठे आणि किती वेळ, दुखणं दहापैकी किती, झोप कशी. दुखण्याचा आकडा दोन दिवस सलग पाचच्या वर असेल तर तिसऱ्या दिवशी पाय काढून करता येणारा व्यायाम.

पहिला महिना आठवड्याला तीन दिवस, प्रत्येकी 30 मिनिटं, त्यातली निम्मी ताकदीची. दुसऱ्या महिन्यात 45 मिनिटं, आणि त्यात खेळाचं तंत्र येतं. तिसऱ्यात 60 मिनिटं आणि पंधरा दिवसांतून एकदा मोजणी: 25 मीटर किती सेकंदांत, गोळा किती लांब, सर्व्हिस दहापैकी किती बरोबर. चौथ्या आठवड्यात नेहमी भार थोडा उतरवा. कुबड्या वापरणाऱ्यांनी खांद्यांना जपा. कुबड्या, पोहणं आणि व्हीलचेअर तिन्हींचा भार तिथेच येतो. रबरी पट्टा मागे ओढण्याचे 15-15 चे दोन संच रोज केले तर पुष्कळ दुखणी टळतात.

वर्ग आणि कागद

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तपासणी होते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. पायासाठी हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जाता येतं; ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे जाताना ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, आधार आणि उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन प्रती न्या. रेल्वेगाडीतून पडून पाय गेला असेल आणि तिकीट किंवा पास होता, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. रूळ ओलांडतानाच्या अपघाताला ती मिळत नाही. या पैशातून पुष्कळांचा दुसरा पाय येतो, म्हणून इथे उल्लेख.

खेळाचा वर्ग, म्हणजे साधारण सारख्या दिव्यांगत्वाच्या खेळाडूंचा गट, दाखल्याच्या टक्क्यांवरून ठरत नाही. वर्गीकरण करणारं पथक वेगळं असतं आणि ते खेळानुसार बघतं. धावण्यात कृत्रिम पायासह एक बीके म्हणजे टी 64, एक एके म्हणजे टी 63, दोन्ही बीके टी 62, दोन्ही एके टी 61. फेकीत याच आकड्यांआधी एफ. हाताचे टी 45 ते 47. एकच माणूस पोहण्यात एका वर्गात आणि बॅडमिंटनमध्ये निराळ्यात बसतो. काही खेळांत बोट किंवा पंजाचा थोडा भाग गेला तर वर्गच मिळत नाही. वर्षभर सराव करून हे कळण्यापेक्षा आधी राज्य संघटनेच्या प्रशिक्षकाला एक्स-रे दाखवा.

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असा क्रम असतो. डिसेंबर 2023 पासून दिल्लीत खेलो इंडिया पॅरा स्पर्धाही सुरू झाल्या आहेत. दिव्यांगांच्या नावाने स्पर्धा भरवणाऱ्या संस्था खूप आहेत आणि त्यातल्या सगळ्या मान्यताप्राप्त नाहीत. फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही संघटना भारतीय पॅरालिम्पिक समितीशी संलग्न आहे का, आणि इथलं प्रमाणपत्र कुठे ग्राह्य धरतात? तोंडी उत्तर पुरेसं नाही, पत्र मागा. नोकरीतल्या खेळाडू आरक्षणाचा विचार असेल तर शासन निर्णयातली स्पर्धांची यादी स्वतः वाचा.

पाय दुरुस्तीला गेला की आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, आणि सवय मोडते ती याच काळात. त्या दिवसांतही ठरलेल्या वेळी मैदानावर जा, कुबड्यांवर. डंबेल, रबरी पट्टा, बसून चेंडू फेकणं यात 40 मिनिटं सहज जातात. उरलेला वेळ गुणपत्रक लिहा, सेकंद मोजा, नव्याने आलेल्याला बँडेज बांधायला शिकवा. स्पर्धेत टेबलावर बसणारी, वेळ नोंदवणारी माणसं सगळीकडे कमी पडतात. नाव नोंदवून ठेवलंत तर पुढच्या जिल्हा स्पर्धेला बोलावणं येईल.